ऐपतीचा आहेर

मराठवाड्यातल्या वसमतच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याचे दोन मोठे हंगाम आहेत. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारीनंतर काढणीला येते. ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून उन्हाळ्यात मोंढ्यात जाते. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं आणि दिवाळीच्या तोंडावर विकायला येतं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव दूरवर गेलं. पण हळदीचा पैसा आला की समोर लग्नसराई उभी असते आणि सोयाबीनचा आला की दिवाळी. दोन्ही वेळा पैसा घरात टेकण्याआधीच त्याची वाटणी झालेली असते: उधारी, खताचं बिल, शाळेची फी आणि आहेर.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर घरात मोकळेपणाने बोलता येतं. आहेरावर येत नाही. बहिणीची भाऊबीज, लेकीचा दिवाळसण, भाचीच्या लग्नातली साडी, व्याह्यांचा मानपान, संक्रांतीचं वाण, आणि दर तिसऱ्या वर्षी येणाऱ्या अधिक महिन्यातलं जावयाचं धोंडे जेवण. यातलं काही कमी करावं असं कुणी सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘जावयाला रिकाम्या हातानं कसं पाठवावं?’ किंवा ‘त्यांनी आपल्याला केलं, आपण नाही केलं तर बरं दिसतं का?’ पैशाचा प्रश्न क्षणात धर्माचा आणि इभ्रतीचा होतो.

2025 च्या दिवाळीत हा प्रश्न मराठवाड्यात फार तीव्र झाला होता. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उभी पिकं पाण्यात गेली. केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये हमीभाव जाहीर केला होता, बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. सोनं दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर गेलं होतं. तरी सण आला, आणि सणाबरोबर देणं-घेणंही आलं. अशा वर्षी ज्या घराने भेटीचा खर्च आखडता घेतला, त्याने धर्मात काही उणं केलं का? हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही, म्हणून त्याचं उत्तर परंपरेच्या आतच शोधायला हवं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड न करू शकणाऱ्या योग्य माणसाला, योग्य स्थळी आणि वेळी, कर्तव्य म्हणून दिलेलं दान सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा मनाला क्लेश करून दिलेलं राजस. आणि अवहेलना करून, अपात्री दिलेलं तामस. यातल्या राजस दानाची व्याख्या दिवाळीच्या आणि लग्नाच्या आहेराला तंतोतंत लागू पडते. त्यात परतीची अपेक्षाही आहे आणि क्लेशही आहे.

शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला, नेवाशात ज्ञानेश्वरांनी या श्लोकांवर भाष्य केलं. राजस दान समजावताना त्यांनी दाखले कुठून आणले ते पाहण्यासारखं आहे. दुभत्यावर डोळा ठेवून गाईला चारणं, धान्य साठवायचं पेव आधी तयार करून मग पेरायला जाणं, व्याज आधी गाठीला बांधून मग दुसऱ्याचं काम करणं, हे त्यांचे दाखले आहेत. त्याच ओळीत आणखी दोन येतात: आहेरावर नजर ठेवून सोयऱ्यांना आमंत्रण देणं आणि व्रत करणाऱ्या बाईच्या घरी वाण धाडणं. सात शतकांपूर्वीच्या मराठी घरांतही आहेर आणि वाण होते, त्यांच्यामागे परतीचा हिशेब होता, आणि तो हिशेब ऐकणाऱ्यांना इतका ओळखीचा होता की तत्त्व समजावण्यासाठी त्याचाच दाखला पुरेसा वाटला. आहेर न देणं म्हणजे धर्म सोडणं, असं मानणाऱ्याने हा अध्याय एकदा सावकाश वाचायला हवा. तिथे आहेराचा उल्लेख दानाच्या आदर्शासाठी आलेला नाही. दानात शिरलेली व्यापाराची नजर दाखवण्यासाठी तो आला आहे.

दुसरा आधार त्याहून जुना आणि अधिक रोखठोक आहे. आज ज्याला बसवकल्याण म्हणतात, त्या चालुक्यांच्या कल्याणी नगरीत विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली. बीदर जिल्ह्यातलं हे गाव आणि वसमत, दोन्ही पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मिताक्षरा ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका आहे, आणि त्या स्मृतीचा दानाबद्दलचा नियम सरळ आहे: माणसाने स्वतःचं धन जरूर द्यावं, पण कुटुंबाला बाध येणार नाही एवढंच. मनुस्मृतीही घरची माणसं हालात असताना बाहेर दान करणाऱ्याची स्तुती करत नाही, त्याला धर्माचं खोटं रूप म्हणते. याचा अर्थ, बायकोची पोत गहाण ठेवून किंवा खताच्या पैशातून आणलेली भाच्याची अंगठी ही शास्त्राच्या नजरेत औदार्य ठरत नाही. तो पैसा देणाऱ्याचा एकट्याचा नव्हताच.

आधुनिक कायद्यानेही हेच माप वापरलं आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नातल्या भेटींना सूट आहे. पण वधूपक्षाकडून जाणारी भेट रूढीतली असावी आणि देणाऱ्याच्या आर्थिक स्थितीच्या मानाने अवाजवी नसावी, अशी अट आहे. ऐपत हा शब्द घरात कमीपणाचा वाटतो. स्मृतिकारांनी आणि संसदेने मात्र तो देण्याचा निकष मानला.

वसमत हे एकाच धर्माचं गाव नाही. इथल्या मुस्लिम घरांत जकात साधारण अडीच टक्के आहे, आणि ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक असलेल्यालाच लागू होते. कुराणात जकात घेण्याचा अधिकार असलेल्यांची यादी आहे, तिच्यात कर्जात बुडालेला माणूसही आहे. जो कर्जात आहे त्याने दाखवण्यासाठी द्यावं ही कल्पनाच त्या चौकटीत बसत नाही. नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग वसमतला थांबले होते अशी शीख परंपरा आहे आणि तिची खूण म्हणून इथे दमदमा साहिब गुरुद्वारा आहे. शिखांचा दसवंध कमाईचा दहावा हिस्सा मागतो, आणि नांदेडच्या लंगरमध्ये जेवणाऱ्याला कुणी परतफेड विचारत नाही. देण्याचं प्रमाण कमाईशी बांधणं आणि परतीची वाट बंद करणं, या दोन गोष्टी या गावाच्या चारही दिशांना आधीपासून आहेत.

मग आहेराची प्रथा वाईटच म्हणायची का? इतक्या घाईने निकाल देणं अन्यायाचं होईल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये भेटींवरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. अनेक समाजांत भेट ही ऐच्छिक दिसते, पण देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं असतात आणि त्यांच्यावर माणसांची जोडणी टिकते, असं त्यांनी दाखवलं. मराठी खेड्यातली आहेराची वही हेच काम करायची. लेकीच्या लग्नात कुणी किती रुपये, कोणतं भांडं, कोणतं लुगडं दिलं ते त्या वहीत लिहिलं जायचं, आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं किंवा थोडं जास्त परत जायचं. बँक नव्हती तेव्हा एका घरावर आलेला एकदम मोठा खर्च पन्नास घरांत वाटून घेण्याची ही सोय होती. ती व्याजाशिवाय चालायची.

गरीब शेतकऱ्याच्या कर्जाचं सगळं खापर लग्न-सणांवर फोडणंही चूक ठरेल. 1875 मध्ये सुपे गावातून सुरू झालेल्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. रयत लग्नात उधळते म्हणून कर्जबाजारी होते, असं तेव्हाही बोललं जात होतं. आयोगाने उलट नोंद केली की या कारणाला अवास्तव महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने खर्च जास्त असला तरी असे प्रसंग क्वचित येतात. आजही पडलेला भाव, बुडालेलं पीक आणि दवाखान्याचं बिल यांचा भार आहेरापेक्षा कितीतरी मोठा आहे. आहेर कमी केल्याने शेतीचं संकट सुटणार नाही, हे मान्य करूनच हा विचार पुढे न्यायला हवा.

पण आयोगाने जी क्वचितता पाहिली ती आता राहिलेली नाही. प्रसंग वाढले. साखरपुडा, डोहाळजेवण, वाढदिवस, वास्तुशांती, सेवानिवृत्ती, प्रत्येकाला आहेर आला. आणि वस्तूचा उपयोग संपत गेला. कापडाच्या दुकानात ‘देण्याघेण्याच्या साड्या’ असा वेगळा गठ्ठा असतो. मालकच विचारतो, ‘नेसायची दाखवू की देण्याघेण्याची?’ ही साडी कुणी नेसत नाही. ती कपाटात थांबते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या घरी जाते. ब्लाउजपीस न शिवता गावभर फिरतो, टॉवेल-टोपीचंही तेच. प्रत्येक घराने खरे पैसे घातले, उपयोग कुणालाच झाला नाही. नोटेची किंमत कमी झाली, तांब्या-पितळेच्या भांड्यांची जागा हलक्या वस्तूंनी घेतली, आणि पूर्वी घर उभं करायला लागणारा आहेर फक्त नोंद ठेवायला उरला.

अमेरिकेतल्या नाताळच्या भेटींबाबत हेच नुकसान मोजलं गेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींबद्दल विचारून 1993 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. भेटीची बाजारातली किंमत आणि घेणाऱ्याला वाटलेली किंमत यांत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत तफावत निघाली. जवळच्या मित्रांच्या भेटीत नुकसान कमी होतं. लांबच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या भेटीत जास्त. माणूस जितका ओळखीचा तितकी भेट नेमकी. वसमतमधल्या कोणत्याही आत्या-मावशीला हे संशोधनाशिवाय ठाऊक आहे. भाचीला खरोखर काय हवं ते माहीत असलं तर दोनशे रुपयांतही भागतं.

काटकसरीचा हात सगळ्यात आधी कुठे पडतो, हेही पाहायला हवं. पुष्कळ घरांत तो बहिणीच्या साडीवर पडतो, कारण ती रागावली तरी बोलत नाही. इथे थांबण्याची गरज आहे. वडिलांच्या जमिनीत मुलीला वाटा नव्हता तेव्हा भाऊबीज, माहेरची साडीचोळी, बाळंतपणाचा खर्च, याच वाटांनी माहेरची मिळकत तिच्यापर्यंत थोडीफार पोचत होती. कायदा आता बदलला आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते याने त्या हक्काला बाध येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही मराठवाड्यात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि बदल्यात साडीचोळी केली जाते. त्या साडीला भेट म्हणता येणार नाही. शंकराचार्यांनी दानाचा अर्थ योग्य वाटणी असा लावला होता आणि भूदानाच्या पदयात्रेत विनोबा त्याचाच आधार घेत. 1951 मध्ये ती चळवळ सुरू झाली तीही याच हैदराबाद संस्थानाच्या मुलखात, तेलंगणातल्या पोचमपल्लीत. बहिणीला तिचा वाटा न देता ओवाळणीत कपात करणारा भाऊ दोनदा घेतो. ज्याने वाटा दिला आहे त्याच्या ताटातल्या अकरा रुपयांनाही कुणी नाव ठेवू शकत नाही.

मराठी समाजात भेटीचा खर्च कमी करण्याचे प्रयत्न झाले ते बहुधा माणसाच्या प्रतिष्ठेसाठी झाले; पैशाची बचत त्यांच्या मागोमाग आली. सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 ची. त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. सावित्रीबाई फुल्यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि लग्न पानसुपारीच्या खर्चात पार पडलं. भटजीला दक्षिणा नाही, मानपान नाही. गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरं घेत: कर्ज काढून सण करू नका, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या पण पोराला शाळेत घाला. 1956 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या धर्मशाळा आणि शाळांमधून त्याच लोकांचा पैसा दिसत होता. ज्यांना त्यांनी कर्ज काढून उधळू नका म्हटलं, त्यांच्याकडूनच त्यांनी दान मागितलं, आणि मिळवलं.

पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी उभारलेल्या स्त्रीशिक्षण संस्थेने भाऊबीजेलाच नवी वाट दिली. संस्थेचा भाऊबीज निधी सुमारे शंभर वर्षं चालू आहे. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते घरोघर जातात आणि संस्थेत शिकणाऱ्या मुलींसाठी भाऊबीज मागतात. देणाऱ्याला त्या मुलींची नावं माहीत नसतात, त्यांच्याकडून काही परत येण्याचा प्रश्नच नसतो. गीतेतल्या सात्त्विक दानाचं हे आपल्या सणातलं रूप आहे. सण तोच, नातं तेच, फक्त परतीचा हिशेब काढून टाकला.

वसमतपासून फार लांब नाही असं नरसी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा औंढा नागनाथाशी जोडलेली आहे. नामदेवांच्या चरित्रकथांत तुलादान करणाऱ्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची गोष्ट येते. तो नामदेवांना सोनं देऊ करतो, नामदेव देवाचं नाव लिहिलेल्या तुळशीच्या पानाइतकंच मागतात, आणि व्यापाऱ्याची सगळी संपत्ती पारड्यात घालूनही ते पान वर उचललं जात नाही. वारकरी घरांत ही कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते. तिच्यात देण्याबद्दलही सांगितलेलं आहे: देणाऱ्याने स्वतःच्या दानाला लावलेलं वजन दुसऱ्या कुणाला मान्य असतंच असं नाही.

एवढे आधार असताना प्रथा हलत का नाही? कारण ती एकट्याने सोडता येत नाही. ज्याने आधी आहेर घेतले आणि आता द्यायचे बंद केले, तो बुडवणारा ठरतो. ज्याने पुढे घ्यायचे नाहीत असं ठरवलं, त्याने दिलेले परत येत नाहीत. म्हणून हे काम भावकीने आणि समाजाने मिळून करावं लागतं. 2025 च्या उन्हाळ्यात पुणे परिसरातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि लग्नांसाठी आचारसंहिता मांडली गेली: पाहुणे मोजके, कर्ज काढून लग्न नको, दागिन्यांचं आणि वस्तूंचं प्रदर्शन नको. असे ठराव पाळले जातात की नाही हे पुढाऱ्यांच्या घरच्या लग्नांत कळेल. घरोघरी त्याहून लहान आणि शक्य गोष्टी चालू झाल्या आहेत. काही चुलतभाऊ मिळून सगळ्या बहिणींना एकच रक्कम ठरवतात. काही बायका वर्षभर भिशीत पैसे टाकतात, म्हणजे दिवाळीला सावकाराकडे जावं लागत नाही. काही लग्नपत्रिकांवर आहेर स्वीकारले जाणार नाहीत असं छापलेलं असतं, आणि जिथे ते खरोखर पाळलं जातं तिथे पाहुणे जेवून मोकळ्या मनाने जातात.

ज्ञानेश्वरांच्या दाखल्यांत अपेक्षा देणाऱ्याच्या मनात आहे. आपल्या लग्नसंबंधांत मात्र ती बहुतेकदा घेणाऱ्याच्या मनात असते, कारण आहेर मुलीकडून मुलाकडे, खालून वर चढतो. मुलीच्या बापाला ‘यंदा जमणार नाही’ म्हणता येत नाही. त्याने म्हटलं तर लेकीला सासरी ऐकावं लागेल ही धास्ती असते. त्यामुळे त्याला काटकसर शिकवून उपयोग नाही. ‘यंदा नको’ हे वाक्य जावयाने, विहीणबाईंनी, मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे ज्यांच्याकडे आहेर जातो त्यांनी उच्चारायला हवं.

अधिक महिना याची चांगली कसोटी आहे. सौर वर्षाच्या मानाने चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतं, ती तूट साधारण तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून भरली जाते. म्हणून जावयाला तेहतीस अनारशांचं वाण, सोबत दिवा आणि पुरणाचे धोंडे. तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप एवढंच अनारशांचं सामान. खर्च असतो तो बायकांच्या हातांचा आणि वेळेचा. अंगठी, चांदीचं ताट आणि भारी कपडे मागाहून जोडले गेले. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा पडतो. वसमतमध्ये हे दिवस हळद विकून होण्याचे आणि सोयाबीनचं बियाणं, हळदीचं बेणं, खत घेण्याचे आहेत. महिना लागण्याच्या आठ दिवस आधी जावयाने सासऱ्यांना फोन करून सांगावं, ‘मामा, आम्ही दोघं जेवायला येतो. अनारशांचं वाण घेऊ, कपडे आणि अंगठी घेणार नाही, आईचंही तसंच म्हणणं आहे.’ मग त्या घरातला हळदीचा पैसा वेळेवर बियाण्याच्या दुकानात जाईल, आणि सासूबाई अनारशाचं पीठ निवांत भिजवतील.